सोनेगावहून ३५,००० फूट: सिम्युलेटरमधल्या ७३७ चं इंजिन नीट करण्याच्या नोंदी

९ फेब्रुवारी

आजपासून तारीख टाकून लिहून ठेवतो, कारण मागच्या दोन महिन्यांत कोणता आकडा कधी आणि कशासाठी बदलला ते आता माझं मलाच सांगता येत नाही आणि फाइलच्या अकरा कॉप्या होऊन बसल्यात.

विषय एकच आहे. फ्लाइटगिअर या कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेटरमध्ये ७३७-८०० घ्यायचं, सोनेगावच्या, म्हणजे नागपूर विमानतळाच्या, ३२ नंबर रनवेवरून उडायचं, ३५,००० फुटांपर्यंत चढायचं, आणि हे चढणं खऱ्या विमानासारखं झालं पाहिजे. सध्या होत नाही. वजन ६५ टन ठेवलं तर ५,००० फुटांवर २५० नॉटला व्हर्टिकल स्पीड, म्हणजे चढण्याचा दर, ५,२०० फूट प्रति मिनिट दिसते, आणि ३५,००० ला पोचलं तरी २,२०० च्या खाली येत नाही. आमच्या खामल्याच्या गच्चीवरून मी लहानपणापासून विमानं चढताना पाहतो, एकही असं रॉकेटसारखं जात नाही.

इंजिन सीएफएम५६-७बी२६. जमिनीवर उभ्या विमानात २६,३०० पौंड थ्रस्ट (पुढे ढकलणारा जोर), बायपास रेशो ५.१ (इंजिनाच्या गाभ्यात जाणाऱ्या हवेच्या किती पट हवा नुसती पंख्यातून बाहेरून जाते ते), पुढचा पंखा ६१ इंचांचा. फाइलमध्ये २६,३०० हाच आकडा आहे, म्हणून इंजिन बरोबर असं धरून मी दोन महिने फक्त ड्रॅगच्या, म्हणजे हवेच्या अडथळ्याच्या, मागे होतो.

१२ फेब्रुवारी

फ्लाइटगिअरच्या आत विमानाचं गणित जेएसबीसिम करते. आज त्याची इंजिनाची फाइल पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत शांतपणे वाचली. पद्धत साधी आहे, तुम्ही एक कमाल थ्रस्ट द्यायचा आणि एक टेबल द्यायचं, टेबलात उभं मॅक (विमानाचा वेग आवाजाच्या वेगाच्या किती पट) आणि आडवी डेन्सिटी अल्टिट्यूड (हवा जेवढी विरळ आहे त्यावरून धरलेली उंची), त्यातून जो गुणक निघतो तो थ्रस्टला लागतो. माझ्या फाइलमधलं टेबल एरोमॅटिक नावाच्या टूलने आपोआप बनवून दिलेलं आहे, बऱ्याच हौशी विमानांत हेच्या हेच सापडते. समुद्रसपाटीच्या रकान्यात मॅक ० ला १.०, मॅक ०.२ ला ०.९३४, ०.४ ला ०.९२१, ०.८ ला १.०२. तीस हजार फुटांवर मॅक ०.८ ला ०.४१७, चाळीस हजारांवर ०.२७५.

म्हटलं आधी आपल्या गावच्या उन्हात तपासू. सोनेगावची उंची १,०३३ फूट, तापमान ४५, दाब १००३ हेक्टोपास्कल टाकला, तर डेन्सिटी अल्टिट्यूड जवळपास ४,९०० फूट निघते आणि टेबल म्हणते ८७ टक्के थ्रस्ट. एवढ्या गरमीत खरं इंजिनही बारा-पंधरा टक्के थ्रस्ट सोडते, म्हणजे आकडा जुळला. इंजिन पास केलं आणि पुन्हा ड्रॅगकडे वळलो.

१६ फेब्रुवारी

ड्रॅग वेगळा काढून तपासायची चांगली पद्धत मिळाली. इंजिन आयडलवर आणायचं आणि उतरायचं. आयडलवर थ्रस्ट इतका कमी असतो की विमान किती लांब तरंगत जाते ते जवळजवळ सगळं ड्रॅगच ठरवतो. पायलट लोकांचा ढोबळ हिशोब आहे, हजार फूट उतरायला तीन नॉटिकल मैल, म्हणजे ३५,००० फुटांना १०५ मैल. माझं विमान ७० मैलांतच खाली. म्हणजे ज्याने ही फाइल बनवली त्याने, आणि नंतर मी स्वतःसुद्धा, चढणं आवरण्यासाठी ड्रॅग वाढवत नेला होता.

ड्रॅग कमी केला, उतरणं १०४ मैलांवर आणलं, आणि मग पुन्हा चढवून पाहिलं तर ३५,००० फुटांवर ३,३०० फूट प्रति मिनिट. काम सुरू केलं त्यापेक्षा वाईट.

पण यातून एक गोष्ट पक्की झाली. आता ड्रॅगला हात लावायचा नाही, जे काही जास्तीचं आहे ते इंजिनातून येऊन राहिलं आहे.

२० फेब्रुवारी

शेजारचे काका संध्याकाळी चहाला आले होते. ते वायुसेनेतून इंजिन फिटर म्हणून रिटायर झालेत, त्यांची बरीच नोकरी मिगच्या इंजिनांवर गेली. स्क्रीनवर टेबल उघडंच होतं. त्यांनी चष्मा लावला, मॅक ०.८ च्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "काऊन रे बाबू, हे तर फायटरचं टेबल आहे. वेग वाढला तरी थ्रस्ट पडत नाही, उलट वाढते. पॅसेंजरच्या मोठ्या पंख्याचं इंजिन असं थोडीच वागते."

मग त्यांनी जे समजावलं ते इथे लिहून ठेवतो. इंजिन मागे जी हवा फेकते तिचा वेग आणि विमानाचा स्वतःचा वेग, या दोघांत जो फरक असतो तोच गुणिले दर सेकंदाला फेकलेल्या हवेचं वस्तुमान म्हणजे थ्रस्ट. फायटरचं इंजिन थोडी हवा घेते पण भयंकर वेगाने फेकते, तिथे विमान पळायला लागलं तरी फरक भरपूर उरतो आणि वर समोरून हवा आपोआप दाबून आत येते त्याचा फायदा मिळतो. मोठा पंखा ढीगभर हवा घेतो आणि हळू ढकलतो, सेकंदाला तीनशे मीटरच्या आसपास, आणि विमानच जर सेकंदाला २३० मीटरने चाललं असेल तर उरलं किती? काका म्हणाले, "बंद पडलेली लुना ढकलून पाय. उभी आहे तोवर हाताचा सगळा जोर तिला लागते, ती पळायला लागली की तुझेच पाय पुरत नाहीत, जोर कुठून लावशील."

ते गेल्यावर गणित करत बसलो. बायपास पाचच्या इंजिनाचा थ्रस्ट रनवेवर दीडशे नॉट होईपर्यंतच २६,३०० च्या ८० टक्क्यांवर येतो. माझं टेबल तिथे ९३ टक्के देते. ३५,००० फुटांवर मॅक ०.७८ ला हे इंजिन क्लाइंबमध्ये साडेपाच ते सहा हजार पौंड देते, माझं टेबल ९,००० देते. दीडपट. आणि १२ तारखेला मी तपासलं काय होतं, तर फक्त मॅक शून्य. उभ्या विमानात टेबल बरोबर होतं, धावत्या विमानात नव्हतं.

२ मार्च

खऱ्या विमानांचे आकडे हवेत म्हणून रिसीव्हर लावला. विमानं एडीएस-बी वर आपली उंची, वेग, व्हर्टिकल स्पीड सतत सांगत असतात, १०९० मेगाहर्ट्झवर, आणि टीव्ही बघायच्या यूएसबी डोंगलने ते ऐकता येते. लहरीची लांबी साडेसत्तावीस सेंटिमीटर, तिचा चौथा भाग ६.९, तेवढ्याच लांबीची तांब्याची तार कापून अँटेना केली. मावसभाऊ पाण्याच्या टाकीवर चढला आणि वरून ओरडून राहिला, "दादा, अजून उंच पाहिजे का?" खाली आईचं वाळवण सुरू झालेलं, कुरडयांच्या चादरीवरून केबल गेली तर चालणार नाही असं तिनं स्पष्ट सांगितलं, म्हणून केबल कठड्याच्या बाहेरून फिरवून आणली आणि तीन मीटर जास्तीची लागली. सिग्नल थोडा पडला पण सोनेगाव इथून इतकं जवळ आहे की फरक पडत नाही, आणि नागपूर देशाच्या मधोमध असल्याने डोक्यावरून दिल्ली-हैदराबाद, मुंबई-कोलकाता सगळं जाते, पहिल्याच रात्री यादी स्क्रीनच्या खाली गेली.

लक्षात ठेवायचं: उंची २५ फुटांच्या टप्प्यात येते, व्हर्टिकल स्पीड ६४ च्या टप्प्यात. उंची हवेच्या दाबावरून काढलेली आहे, समुद्रसपाटीला १०१३.२५ हेक्टोपास्कल धरून. वेग जमिनीवरचा आहे, हवेतला नाही.

९ मार्च

आठवडाभराचा डेटा प्लॉट केला आणि रेषांचा गुंता झाला. कारण सापडलं, मी ७३७ म्हणून जे गोळा केलं त्यात ८०० आणि मॅक्स दोन्ही आले, आणि मॅक्सचं इंजिन लीप-१बी आहे, पंखा मोठा, बायपास नऊच्या आसपास. ती वेगळी केली. सोनेगावहून चढलेल्या ८०० फार थोड्या उरल्या, पण तेवढ्यावर काम चालेल.

मोठी अडचण दुसरी आहे. विमानाचं वजन एडीएस-बीत येत नाही, आणि पायलटने थ्रस्ट किती कमी करून घेतला तेही येत नाही. रनवे ३,२०० मीटर आहे, वजन कमी असलं तर पूर्ण थ्रस्टची गरजच नाही, इंजिनाचं आयुष्य वाढावं म्हणून कमी थ्रस्टवर उडतात. ७३७ ला क्लाइंबमध्येही दोन डिरेट, म्हणजे थ्रस्ट कमी करायचे टप्पे, आहेत, एक साधारण १० टक्क्यांचा आणि दुसरा २० टक्क्यांचा, ते वर जाता जाता हळूहळू सुटतात आणि १५,००० फुटांपर्यंत पूर्ण क्लाइंब थ्रस्ट येतो. म्हणजे खालच्या भागातल्या २,५०० ते ३,००० फूट प्रति मिनिटवर डोळे झाकून टेबल बसवलं तर ती चूकच होईल.

म्हणून ठरवलं की १५,००० च्या खालचा डेटा फक्त बघायला, जुळवायला वरचा, आणि तोही आकडा नाही तर आकार. वजनाने रेष वरखाली होईल, पण उंचीप्रमाणे ती कशी उतरते तो उतार इंजिनाचा आहे. मला उतार जुळवायचा आहे.

१५ मार्च

वाऱ्याचा आणि तापमानाचा प्रश्न सोनेगावनेच सोडवला. हवामान खात्याचा बलून तिथूनच सुटतो, पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाचच्या निरीक्षणासाठी, स्टेशन नंबर ४२८६७, आणि प्रत्येक थराचं तापमान आणि वारा नेटवर मिळतो. विमान ज्या हवेतून चढलं त्याच हवेचा आकडा. याच्यापेक्षा चांगलं काय पाहिजे.

आणि लगेच एक कोडं सुटलं. मुंबईकडे जाणारी विमानं कोलकात्याकडे जाणाऱ्यांपेक्षा चांगली चढतात असं दिसत होतं, मी वजनावर ढकललं होतं. उन्हाळा लागायच्या आधी आपल्यावरून पश्चिमेचा वारा वाहतो आणि उंचीबरोबर वाढत जातो. पश्चिमेला चढणाऱ्या विमानाला दर हजार फुटांना समोरचा वारा थोडा जास्त मिळतो, एअरस्पीड फुकट मिळते आणि ती उंचीत टाकता येते. पूर्वेकडे जाणाऱ्याचं उलट. १० किलोमीटर उंचीत ४० मीटर प्रति सेकंद वारा वाढला तर वरच्या वेगाला हा फरक आठ-नऊ टक्के निघतो, दोन्ही बाजूंनी. हा दुरुस्त केला आणि दोन्ही दिशांच्या रेषा एकमेकींच्या जवळ सरकल्या.

दुसरी गोष्ट तापमानाची. ३४,००० फुटांच्या आसपास बलूनचं तापमान स्टँडर्ड ॲटमॉस्फिअरपेक्षा, म्हणजे हिशोबासाठी ठरवून दिलेल्या सरासरी हवेपेक्षा, दहाएक अंशांनी गरम निघते. आणि स्टँडर्डमध्ये ३६,०८९ फुटांनंतर थंडी वाढायची थांबते, उणे ५६.५ ला, पण आपल्याकडे ती त्याच्याही कितीतरी वर, सोळाएक किलोमीटरपर्यंत वाढतच जाते. घरच्या सिम्युलेटरमध्ये बहुतेक जण स्टँडर्ड हवेतच उडतात, ज्या हवेतून नागपूरचं विमान कधीच जात नाही.

२३ मार्च

नवीन टेबल बसवलं. पूर्ण रविवार गेला पण आता इंजिन हे इंजिनासारखं वाटते.

जुनं एकच टेबल सगळं करत होतं, मॅक, उंची, तापमान, आणि डेन्सिटी अल्टिट्यूडमध्ये दाब आणि तापमान एकमेकांत मिसळून जातात, वेगळे धरताच येत नाहीत. म्हणून तीन तुकडे केले आणि त्यांचा गुणाकार. पहिला मॅकचा: शून्याला १.०, ०.२ ला ०.८२, ०.४ ला ०.७०. दुसरा दाबाचा, त्यात वरच्या उंचीसाठी मॅकची दुरुस्ती मिसळून, ३५,००० फुटांवर ०.७८ ला एकूण गुणक ०.२२५ यावा असा, म्हणजे इंजिनाला साधारण ५,९०० पौंड. तिसरा तापमानाचा, तो सध्या १ च ठेवला आहे, एप्रिलमध्ये बघतो.

जेएसबीसिम ग्राफिक्सशिवाय एकटं चालवता येते, स्क्रिप्ट द्यायची आणि सीएसव्ही घ्यायची, त्यामुळे रात्रीतून तीस रन झाले. ६५ टन, स्टँडर्ड हवा: ५,००० फुटांवर पूर्ण क्लाइंब थ्रस्टला ३,९००, वीस टक्के डिरेट घेतला की २,८००. ३५,००० फुटांवर १,१५०. उतरण्याला हात लावला नाही, तिथे अजून १०४ मैलच.

२,८०० हा आकडा मी जुळवला नव्हता, गच्चीवरच्या डेटात तो आधीपासून होता. वरचं बसवलं तर खालचं आपोआप बसलं. मला किती आनंद झाला ते लिहून कळणार नाही, रात्री दीड वाजता मावसभावाला मेसेज टाकला.

६ एप्रिल

एडीएस-बीच्या रेषांत एक उंचवटा आहे. विमान चढत जाते, व्हर्टिकल स्पीड हळूहळू कमी होत जाते, आणि मग ३१ ते ३३ हजारांच्या मध्ये कुठेतरी एकदम वाढते, पुन्हा कमी व्हायला लागते. पहिल्यांदा वाटलं हवेचा झोका असेल. पण तो जवळपास प्रत्येक फ्लाइटमध्ये आहे, वेगवेगळ्या दिवशी.

हा क्रॉसओव्हर आहे. खाली विमान ठरावीक इंडिकेटेड स्पीड, म्हणजे कॉकपिटच्या मीटरवर दिसणारा वेग, धरते, समजा २८० नॉट, आणि वर गेल्यावर ठरावीक मॅक धरते, समजा ०.७८. मी काढून पाहिलं, २८० आणि ०.७८ हे दोन्ही एकाच वेळी खरे होतात ती उंची साधारण ३२,५०० फूट. ३०० नॉट धरले तर २९,३०० च्या आसपास.

आता उंचवटा का येतो. इंडिकेटेड स्पीड कायम ठेवून चढलं की हवा विरळ होत असल्याने खरा वेग वाढत जातो, म्हणजे इंजिनाचा जो जास्तीचा जोर आहे त्यातला एक वाटा विमानाला पळवण्यात जातो, उरलेला चढण्यात. मॅक धरला की चित्र उलटते, वर जाताना हवा थंड होते, आवाजाचा वेग कमी होतो, तोच मॅक म्हणजे थोडा कमी खरा वेग, विमान हळू होते आणि ती सोडलेली ताकद उंचीत येते. ०.७८ ला गणित मांडलं तर पहिल्या पद्धतीत चढण्याचा दर १.२९ ने भागला जातो, दुसरीत ०.९२ ने. म्हणजे त्या एका क्षणात, थ्रस्टला हात न लावता, चढण्याचा दर चाळीस टक्क्यांनी वाढला पाहिजे.

सिममध्ये ऑटोपायलटला हेच शेड्यूल दिलं आणि रन लावला. ३२,५०० ला १,१०० वरून १,५५०. टेबलात यासाठी मी काहीही टाकलेलं नाही, ते न्यूटनच्या नियमातूनच येते. पण जुन्या टेबलात हा उंचवटा मी कधी पाहिलाच नव्हता, कारण तिथे आकडे इतके मोठे होते की ऑटोपायलट कायम वेग सावरण्यात गुंतलेला असायचा. जिथे इंजिनाकडे जास्तीचं थोडंच उरते तिथेच अशा गोष्टी दिसतात.

आणि १५ मार्चची थंडीची गोष्ट इथे कामाला आली. स्टँडर्ड हवेत ३६,०८९ च्या वर थंडी थांबते म्हणून मॅकवाला फायदाही तिथे थांबतो. बलूनची हवा टाकली तर तो पुढेही मिळत राहतो.

२० एप्रिल

तापमानाचा तुकडा. पारा चाळिशीच्या पुढे आहे, कूलरच्या खसचा वास, काम रात्रीच करून राहिलो.

हे इंजिन फ्लॅट रेटेड आहे, स्टँडर्डपेक्षा १५ अंश जास्त होईपर्यंत, म्हणजे समुद्रसपाटीला ३० अंशांपर्यंत आणि सोनेगावच्या उंचीला २८ पर्यंत ते पूर्ण थ्रस्ट देते, एक पौंडही सोडत नाही. हवा गरम होते तशी पातळ होते, मग इंजिन जास्त वेगाने फिरून ती कमी भरून काढते. पण त्यासाठी आतली गरमी वाढते, आणि एका ठिकाणी टर्बाइनची हद्द येते, या इंजिनाला ईजीटी, म्हणजे मागून निघणाऱ्या वायूचं तापमान, ९५० अंशांच्या वर चालत नाही. तिथून पुढे दर अंशाला थ्रस्ट सोडावा लागतो. ग्राफवर आधी सपाट रेष आणि मग कोपर, तिथून उतार.

डेन्सिटी अल्टिट्यूडच्या टेबलात कोपर नाहीच. ते १५ अंशांपासूनच थ्रस्ट कापत सुटते. ३० अंशांना ते ९१ टक्के देते, नवीन हिशोबाने ९५-९६ येतात. ४५ ला ते ८७ देते, माझ्या हिशोबाने, कोपराच्या वर अंशाला पाऊण टक्का धरून, साडेचौऱ्यांशी. म्हणजे दोन वेगवेगळ्या रेषा आपल्या मे महिन्याच्या आसपास एकमेकींना छेदतात आणि मी फेब्रुवारीत नेमका त्या छेदाजवळच तपासायला गेलो होतो. एकाच ठिकाणी आकडा जुळला म्हणजे काही सिद्ध होत नाही, दोन-तीन तापमानांना आणि दोन-तीन वेगांना बघायला पाहिजे होतं.

एन१, म्हणजे पुढच्या पंख्याच्या फिरण्याचा वेग टक्क्यांत, पण याच्यासोबत नीट केलं. जुन्या फाइलमध्ये लिव्हर पुढे केला की थंडीत, उन्हात, कुठेही एन१ ठरलेल्या कमालवर जाऊन बसायचं. खऱ्या विमानात सपाट भागात तापमानाबरोबर एन१ वाढते, केल्विनमधल्या तापमानाच्या वर्गमुळाप्रमाणे. १५ अंशांना ९३ असेल तर ३० ला साधारण ९५.४. कोपर गेला की कमी होते. आता पॅनेलवर तसंच दिसते, डिसेंबरची सकाळ टाकली तर एन१ कमी आणि थ्रस्ट पूर्ण.

४ मे

छोटं काम. जेएसबीसिममध्ये थ्रस्ट एन२ च्या, म्हणजे इंजिनाच्या आतल्या गाभ्याच्या फिरण्याच्या वेगाच्या, वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणून लिव्हर अर्ध्यावर ठेवला तर थ्रस्ट पावच येतो आणि शेवटच्या बोटभर अंतरात एकदम उसळी मारतो. लिव्हरच्या पोटेन्शिओमीटरचा कर्व्ह आर्डुइनोत उलटा करून टाकला. शिवाय क्लाइंबचा वेगळा डिटेंट, म्हणजे लिव्हर अडकायची खाच, बनवला, कारण टेकऑफ थ्रस्ट पाच मिनिटांसाठी असतो, ३५,००० पर्यंत लिव्हर पूर्ण पुढे ठेवून जाणं हीच मुळात चूक होती. दुपारी दोनदा लाइट गेली, तीस रनची बॅच परत लावावी लागली.

स्पूलचा वेळही, म्हणजे लिव्हर पुढे केल्यावर इंजिनाला वेग धरायला किती लागतो तेही, तपासलं. नियम असा आहे की फ्लाइट आयडलवरून ९५ टक्के थ्रस्टवर इंजिन पाच सेकंदांत आलं पाहिजे. माझं पावणेतीन सेकंदांत येत होतं आणि तेही सुरुवातीपासून एकसारखं. खरं इंजिन पहिले दोन सेकंद जवळजवळ काही करत नाही, मग झपकन येते. तसं केलं. आता उतरताना रनवेसमोर शेवटच्या टप्प्यात उशिरा थ्रस्ट दिला तर विमान खाली बसते आणि तेव्हा पोटात जे होते ते बरोबर आहे.

२६ मे

नवतपा. बाहेर ४५. आज काकांना बोलावलं होतं, शेवटची मोठी टेस्ट त्यांच्यासमोर करायची होती, एक इंजिन बंद.

दोन इंजिनांच्या विमानाला एक बंद पडल्यावर, चाकं आत आणि फ्लॅप टेकऑफचेच असताना, कमीत कमी २.४ टक्के चढाव मिळाला पाहिजे, म्हणजे १०० मीटर पुढे गेलं तर २.४ मीटर वर. त्यासाठी वजन ठरते. ड्रॅग त्या अवस्थेत वजनाच्या बाराव्या हिश्शाएवढा येतो माझ्या फाइलमध्ये. सोनेगाव, ४५ अंश, दाब १००३.

आधी जुनी फाइल. ७९ टन, म्हणजे जवळपास कमाल वजन. चढाव ३.९ टक्के. काका काही बोलले नाहीत, फक्त मान हलवली.

मग नवीन. तेच ७९ टन. व्ही-१ नंतर, म्हणजे टेकऑफ रद्द करता येतो तो वेग ओलांडल्यावर, मी डावं इंजिन बंद केलं, काकांनी उजवा लिव्हर हातात धरला, खरं म्हणजे गरज नव्हती पण त्यांनी धरला, आणि विमान उचललं. रनवेचं टोक मागे गेलं. उंची वाढायची पण मोजून, अल्टिमीटरचा काटा प्रत्येक शंभराला वेळ घ्यायचा, खालची जमीन कितीतरी वेळ खिडकीत होती. चढाव १.८ टक्के. नियमात बसत नाही, हे विमान या उन्हात या वजनाने निघालंच नसतं.

वजन कमी करत गेलो. ७६ ला २.२. ७४ ला २.४ च्या जरासं वर. तिथे थांबलो. मग तापमान ३० केलं आणि परत ७९ टन भरले, ३ टक्क्यांच्या पुढे, आरामात.

काकांनी वहीतला ७४ चा आकडा स्वतःच्या हाताने गोल केला. म्हणाले, "पाच टन म्हणजे पन्नासेक माणसं सामानासकट." मग त्यांना पुन्हा तोच रन पाहिजे होता, ७९ टनांचा, ४५ अंशांचा, यावेळी लिव्हर, कॉलम, रडर सगळं त्यांच्याकडे, मी फक्त इंजिन बंद करायचं आणि कधी ते सांगायचं नाही.